खडूने लिहिलेलं नाव

१८ जानेवारी १९९१, शुक्रवार

लढाई लागली. काल पहाटेपासून. हे ट्रान्झिस्टर कानाला लावूनच दात घासतात. बीबीसी हिंदी, मग आकाशवाणी, मग परत बीबीसी. चहा गार झाला तरी पत्ता नाही. मी म्हटलं, बगदाद तुमची सासुरवाडी आहे का! हसले नाहीत.

शाळेत माझ्या तिसरीच्या पोरांनी मधल्या सुट्टीत नवा खेळ काढला. हात पसरून विमान व्हायचं आणि खाली बसलेल्यांनी मरायचं. मरायला कोणी तयार होईना, म्हणून मुलींना बसवलं होतं. दोघांचे कान पिळले.

संध्याकाळी ह्यांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात ही गर्दी! विहिरीची जळकी मोटार घेऊन आलेला माणूससुद्धा विचारतो — भाऊ, तुम्ही एअरफोर्सात होते, हे बॉम्ब खरंच खिडकीतून आत जातात का? हे म्हणतात, टीव्हीवाल्यांना विचारा. एकाहत्तरला ह्यांचं काम विमानाला बॉम्ब चढवायचं. विमानात कधी बसले नाहीत. पण आमच्या सबंध मेहरूण भागाला हे वैमानिकच वाटतात, आणि मी तरी कुठे दुरुस्त करते.

२१ जानेवारी

लताबाईंकडे हळदीकुंकू. नाव घ्या, नाव घ्या! घेतलं. मग लताबाईंनीच आठवण केली — ते बॉम्बचं सांगा ना.

नव्या बायकांसाठी परत सांगितलं. एकाहत्तरच्या वैशाखात आमचं लग्न. आमच्या पारोळ्याकडच्या घरात नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही, मोठ्यांसमोर तर नाहीच. वीस वर्षांत ह्यांच्या तोंडून 'कुंदा' मी ऐकलेलं नाही. 'ऐकलं का' हेच माझं नाव. डिसेंबरात लढाई झाली. मग रजेवर आले, तेव्हा गोठ्यात कडबा टाकताना हळूच म्हणाले — तिकडे मी तुझं नाव लिहिलं. खडूने. हजार पौंडी बॉम्बवर. सगळेच काहीबाही लिहायचे म्हणे. मी तर पळालेच तिथून!

बायका खूप हसल्या. एक म्हणाली, आमच्या ह्यांनी तर लग्नाच्या भांड्यांवरसुद्धा घातलं नाही नाव. वाण म्हणून चाळणी मिळाली. बरी आहे.

३ फेब्रुवारी

वाचनालयाचे रतिलाल सर येऊन गेले. चोवीस तारखेला, रविवारी, परिसंवाद ठेवलाय — 'बॉम्बहल्ले आणि सामान्य माणूस'. पेपरात रोज जुंपलेली आहे. मुंबईत अमेरिकन विमानांना तेल भरू दिलं ते बरोबर की चूक, बगदादच्या वस्तीवर पडतं ते मुद्दाम की चुकून. ह्यांनी फौजी म्हणून बोलायचं. हे नको नको करत होते. सर म्हणाले, भाईदासभाऊ, निदान वहिनींच्या नावाचा किस्सा तरी सांगा, लोकांना फार आवडेल.

ह्यांची मराठी बराकीतली, निम्मी हिंदी. भाषण मीच लिहून देणार.

५ फेब्रुवारी

भाषण लिहून झालं! चार फुलस्केप. नावाचा किस्सा तिसऱ्या पानावर, बरोबर टाळ्या पडतील तिथे. ह्यांना वाचून दाखवलं. 'चांगलं आहे' म्हणाले आणि दुकानात गेले.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायचं नव्हतं आज. पण झोप येत नाहीये आणि डोक्यात तेच आहे.

बगदादमध्ये लोक बॉम्बच्या भीतीने ज्या तळघरात जाऊन बसले होते, त्यावरच बॉम्ब पडला. बाया आणि लेकरं. शेकडो. अमेरिका म्हणते ते लष्कराचं ठिकाण होतं. पेपरात एका पोराचा फोटो. आई — म्हणजे सासूबाई — शेंगा सोलत बसल्या होत्या, पेपर त्यांच्याच पुढ्यात होता. वाचता येत नाही, पण फोटोवरची टरफलं हाताने बाजूला केली आणि मला विचारलं —

"हाऊ पोर्‍या कोना शे व माय?"

म्हटलं, लांबचा आहे, परमुलखातला.

"त्यानी माय कोठे शे?"

आईंनी पेपर उचलला, नीट घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवला. शेंगा तशाच राहिल्या.

आणि मला एकदम तो नावाचा बॉम्ब आठवला. वीस वर्षं मी तो किस्सा सांगते आहे. हळदीकुंकवाला, शाळेत, धुळ्याला पोरीच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींना. लाडाने सांगते. तो बॉम्ब पुढे कुठे गेला हे एकदाही मनात आलं नाही! गेला असेलच ना कुठेतरी. खाली कोणी असेलच. त्यांच्यावर पडला तेव्हा त्याच्यावर 'कुंदा' लिहिलेलं होतं. मला ती गोष्ट त्या नावासाठीच आवडायची. आता अंगावर पाल पडल्यासारखं होतंय.

हे जेवत होते तेव्हा विचारलं — तो कुठे पडला? 'कोण?' म्हणाले. मग समजलं त्यांना. पाणी प्यायले. म्हणाले, आम्ही चढवायचो. पुढचं पायलटला माहीत. आणि धुरात त्याला तरी काय दिसणार.

१६ फेब्रुवारी

भाषणातलं तिसरं पान काढून माझ्या पेटीत ठेवलं. ह्यांनी परत मागितलं!

१९ फेब्रुवारी

भांडण. म्हणजे मी भांडले, हे मोटारीची तार गुंडाळत बसले. मी म्हटलं, ते पान वाचायचं नाही. नाव माझं आहे. टाळ्यांसाठी तुम्ही ते त्या सभागृहात सांगितलंत, तर मी तुमच्या शेजारी बसायची नाही, आणि पुढे तुमच्याशी बोलेन की नाही तेही माहीत नाही. बोलता बोलता रडूच आलं.

ह्यांनी तार खाली ठेवली. म्हणाले, "पान दे. वाचायचं की नाही ते तिथे उभं राहिल्यावर बघतो." एवढंच. वचन नाही, काही नाही. मग माझ्यासाठी चहा ठेवायला गेले आणि दूध उतू घालवलं.

पान दिलं. का दिलं कोण जाणे. वीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे काही मागितलेलंही नाही.

२२ फेब्रुवारी

रॉकेलच्या रांगेत अडीच तास. तिथेही तीच चर्चा. घरात मात्र कोणी बोलत नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच गोड करून टाकीन.

सभागृह भरलेलं. दारातसुद्धा लोक. मी मागच्या ओळीत, दाराजवळ — वेळ पडली तर उठून जाता यावं म्हणून. पहिले झुलाल वकील बोलले. आवाज खणखणीत. लढाई म्हटली की असं होणारच, आणि चूक त्याची, जो लष्कर वस्तीत लपवतो. टाळ्या. मग कॉलेजातल्या एक बाई बोलल्या. त्यांनी त्या तळघरातल्यांची वयं वाचून दाखवली, पेपरात आलेली. चार. सात. अडीच. वकील मध्येच म्हणाले, हे भावनिक आहे. बाई म्हणाल्या, हो, आहे. त्यांनाही टाळ्या.

मग हे. इस्त्रीचा पांढरा शर्ट. पहिली दोन पानं नीट वाचली, मी शिकवलं तसं, थांबत थांबत. तिसरं पान वर आलं. मी चप्पल पायात सरकवली.

ह्यांनी ते पान टेबलावर उलटं ठेवलं आणि हात त्यावर ठेवून बोलले. कागदाशिवाय.

"मी बॉम्ब चढवायचो. बॉम्बवर मी माझ्या बायकोचं नाव लिहिलं. नवीन लग्न होतं, तिची आठवण यायची. ते नाव कोणाच्या घरावर गेलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं पण नाही. आज इथे तेवढंच सांगायला आलो. बरोबर की चूक ते शिकलेल्यांनी ठरवा. मला झोप येत नाही."

टाळी नाही. मग मागून एकजण उठला, हा जवानांचा अपमान आहे म्हणाला. दुसऱ्याने त्याला खाली बसवलं. कोणीतरी हसत विचारलं, भाऊ, वहिनींचं नाव तर सांगा! हे म्हणाले, "ते घरचं आहे." आणि खाली उतरले.

बाहेर चहा होता. रतिलाल सर सोडून कोणी आमच्याजवळ आलं नाही. वकिलांनी तर नमस्कारही घेतला नाही. मी ह्यांच्या शेजारी उभी राहिले, अगदी खेटून. लोक बघत होते. बघू देत.

लुनावरून येताना मी तलावाजवळ थांबायला सांगितलं. काठावर बसलो. त्यांच्या हाताला वार्निशचा वास येतो, मोटारीच्या. तो हात धरून मी बसले. मला ह्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता — त्या किस्स्याच्या वेळीसुद्धा नाही.

२६ फेब्रुवारी

आज दुकानात एकच गिऱ्हाईक. पण हे गाढ झोपतात आता, घोरतातसुद्धा! मी जागी. मी मनाशी ठरवून टाकलंय की तो बॉम्ब नदीत पडला. हेच म्हणाले होते एकदा, पुष्कळसे रानात, नदीत जातात. मग तोही नदीत. मासे मेले असतील थोडे. एकच तर होता.

२८ फेब्रुवारी, होळी

लढाई थांबली. सकाळीच बातमी. आईंनी पुरण शिजवायला घेतलं.

पोळी वाढताना मी ह्यांना म्हटलं, तो नदीत पडला असं धरू या आपण. मनाला लावून घेऊ नका आता. एकच तर होता.

हे म्हणाले, "एकच नव्हता. चौदा दिवस चढवत होतो. माझ्या हातातून गेले तेवढ्या सगळ्यांवर लिहिलं. दुसरं काही लिहायला सुचायचंच नाही मला."