सात ते एक

१२ जानेवारी
बाळाला सांभाळणाऱ्या मनांग नेनिताचे तास आज कागदावर लिहिले. सकाळी सात ते दुपारी एक, सोमवार ते शुक्रवार, तासाला पंच्याहत्तर पेसो. तिची मुलगी दीडला शाळेतून येते, म्हणून एक म्हणजे एकच. एकनंतर बाळाला, इकींगला, माझी आई बघेल. मनांगनं आणि मी सह्या केल्या.

आई हसली. "काल बाप्तिस्म्यात तिला बाळाची धर्ममाता केलीस, आज सही घेतेस? अगं इंदाय, ती आता तुझी कुमारे, बहिणीसारखी. घरच्या माणसाचे कसले तास!"

"घरच्या माणसाचेच आधी ठरवावेत," मी म्हटलं.

मनांग कागदाची घडी घालत म्हणाली, "बरं झालं, कुमारे. लिहिलेलं असलं की भांडायला सोपं!"

२ फेब्रुवारी
नवऱ्याचा, आर्नेलचा, जहाजावरून फोन. इकींगला दात आला एवढं सांगेपर्यंत तुटला.

१२ फेब्रुवारी
कामावर, प्रयोगशाळेत, दहा किलोचं एकच वजन चार वेळा तोललं, चारही वेळा वेगळं भरलं. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

१७ एप्रिल
दूधपावडरचा डबा सोमवारपासून तोलतेय. रोज पस्तीस ग्रॅम जास्त जातात — एक पूर्ण बाटली. आई म्हणते, दुपारी ती स्वतः इकींगला पेजच भरवते. मग नेणारी उरली मनांग.

२० एप्रिल
विचारलं. आवाज चढवला नाही. "मनांग, डबा लवकर हलका होतोय." कुमारे म्हटलं नाही, मुद्दाम.

तिने आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत राहिली. मनांग म्हणाली, "यापुढे नाही होणार."

म्हणजे कबुलीच! चर्चमध्ये माझं मूल हिच्या हातात दिलं होतं मी.

२४ एप्रिल
प्रयोगशाळेतली वीज गेली, साडेतीनलाच घरी आले. मनांग इकींगला अंघोळ घालत होती. ओट्यावर दुधाची बाटली, अर्धी. तारेवर आईचे कपडे, ओले. आई शेजारी बिंगो खेळायला.

"हे कधीपासून?"

"बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पाचपर्यंत. तुझी आई म्हणाली, कुमारेनंच सांगितलंय."

"आणि तुझी मुलगी?"

"कधी शेजारणीकडे. कधी कुलपात."

"मग सोमवारी गप्प का बसलीस?"

"तुला माहीतच नाही, हे मला तेव्हा कळलं. तुझ्यासमोर तुझ्या आईला खोटं पाडू?"

"तरीही थांबत राहिलीस?"

"इकींगला कुणाजवळ टाकून जाऊ?"

आई परतली. "मला झेपत नाही गं. आणि तुला सांगितलं असतं तर तू पैसे देत बसली असतीस!"

माझ्या आईनं. माझं नाव पुढे करून. आणि चार दिवस नजर चुकवली मी ती मनांगची!

२७ एप्रिल
सत्तर दिवस, रोज चार तास. एकवीस हजार पेसो मनांगनं मोजून घेतले आणि सह्यांचा कागद टेबलावर ठेवला.

"उद्यापासून येत नाही, मॅडम."

मॅडम!

"मला खरंच माहीत नव्हतं," मी म्हटलं. तिने मान हलवली, इकींगच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली.

२८ एप्रिल
१२ फेब्रुवारीला, दुपारी चार वाजता, मी घरी फोन केला होता. आई म्हणाली, बाळ झोपतंय. मागे मनांग त्याला गाणं म्हणत होती. मी घड्याळ पाहिलं आणि फोन ठेवला.