अविश्वास ठरावाची माझी तयारी

१४ सप्टेंबर

बदक आलं! नागपूरहून टेम्पोने. पायडलची बोट, चार सीट, पांढरंशुभ्र अंग, पिवळी चोच. आमच्या मोहबोडीच्या इतिहासातलं पहिलं पर्यटन. लोक मार्कंड्याच्या देवळाला येतात, तिथून आता आमच्या तलावाकडे वळतील. उद्घाटन दिवाळीत. तोवर तलाव काठोकाठ पाहिजे, म्हणून पाणी सोडायच्या गेटला कुलूप. किल्ली माझ्या करदोड्याला.

दोन आठवडे पाऊस नाही. धानवाले पाणी मागतात, मासेमारीवाले जाळं टाकू द्या म्हणतात. सगळ्यांना सांगितलं, व्हिजन समजायला वेळ लागतो.

संकल्प : उद्यापासून पहाटे पाचला वॉकिंग. तंबाखूचे खर्रे दिवसाला दोनच.

१६ सप्टेंबर

वॉकिंग झालं नाही. रोडवर वाघाचे पगमार्क दिसले म्हणतात. कोण म्हणालं ते आठवत नाही, पण सरपंच गमावणं गावाला परवडणार नाही. खर्रे पाच. त्यातले तीन दुसऱ्यांनी दिलेले, ते धरत नाही.

उपसरपंच निकेश आला. आमच्याच परिवर्तन पॅनलचा पोरगा, मीच उभा केलेला. म्हणाला, "भाऊ, लोकं बहुत नाराज होऊन राह्यले." मी म्हणालो, नाराज आहेत म्हणजे लक्ष आहे. मग त्याने एका दिवसासाठी किल्ली मागितली. दिली नाही. काळजी फार करतो बिचारा.

१९ सप्टेंबर

पॅनलच्या इंदुताईंच्या दारात सातही सदस्यांच्या चपला. मला निरोप नव्हता, चुकून राहिला असेल. आत गेलो. इंदुताईंनी एक कागद पदराखाली घेतला. काय चाललंय विचारलं तर म्हणाल्या, "काई नाई जी, भजन." टाळ कुठे दिसले नाहीत.

घरी येताना डोक्यात उजेड पडला. माझा वाढदिवस! फेब्रुवारीत आहे, पण पाच महिने आधीपासून तयारी. डोळे भरून आले. मला काही कळलंच नाही असं दाखवायचं ठरवलं आहे. चहाचं मात्र त्या गडबडीत कोणालाच सुचलं नाही.

२२ सप्टेंबर

चामोर्शीहून पक्षाचे तालुकाध्यक्ष सुनिलभाऊ स्वतः गाडी घेऊन आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्हाला तालुका मार्गदर्शक करतो, तब्येतीचं कारण देऊन सरपंचपद सोडा. म्हणजे प्रमोशन! मी सांगितलं, दोन्ही पदं सांभाळतो, तब्येत ठणठणीत आहे, बीपी एकशेवीस-ऐंशी. ते म्हणाले, "एकडाव पुन्हा चेक करून पाहा ना जी." इतकी आपुलकी आजकाल पक्षात कोण दाखवतं?

जाताना गाडीत बसून बराच वेळ कपाळ चोळत होते. कामाचा ताण.

२५ सप्टेंबर, सकाळी ७

पॅनलतर्फे माझा अभ्यास दौरा. पश्चिम महाराष्ट्रातलं एक आदर्श गाव, दहा दिवस. तिकीट फक्त जाण्याचं काढलं आहे, येण्याची तारीख माझ्या सोयीने ठरावी म्हणून. सातही जण स्टँडवर सोडायला. निकेशने बॅग उचलली. म्हणाला, "किल्ली कायले नेता एवढ्या दूर?" मी हसून करदोडा चाचपला.

दुपारी ४

चंद्रपूरला बस चुकली. खर्रा घोटायला त्या माणसाने अर्धा तास लावला, यात माझा दोष नाही. पुढची बस होती, पण गावाची आठवण आली.

परत आलो तर अर्धं गाव तलावाच्या पाळीवर. निकेश गेटच्या कुलपात लोखंडी सब्बल घालून उभा. मला पाहून हात थांबला. म्हणाला, "गंज काढून राह्यलो भाऊ." सरपंच नसताना मेंटेनन्स! मी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत. सगळे थकलेले असावेत.

२८ सप्टेंबर

तहसीलची नोटीस. माझ्यावर अविश्वास ठराव, ३ तारखेला सभा. खाली सात सह्या, सगळ्या आपल्याच.

आधी दोनदा वाचली. मग चाल समजली. मोठमोठे नेते बहुमत सिद्ध करतात आणि डबल मजबूत होतात. ती संधी पोरांनी मला मिळवून दिली. निकेशला म्हणालो, स्ट्रॅटेजी आवडली. त्याने नोटीस पुन्हा माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "भाऊ, तुमाले समजलं ना, आम्ही काऊन करून राह्यलो हे?" मी डोळा मारला.

बायकोला, गिरजाला सांगितलं. ती म्हणाली, आपली धानाची बांधीही त्याच तलावाखाली आहे, तिला भेगा पडल्या, एकदा येऊन पाहा. मी म्हणालो, नेत्याला त्याग करावा लागतो. ती म्हणाली, "त्याग तुमचा, निंदन माह्यं." बायकांना राजकारण कळत नाही.

३० सप्टेंबर

मुखरूभाऊ आले. वय सत्तरच्या पुढे. माझ्या वडिलांसोबत रोवणी केलेला माणूस. दारात उभे राहूनच बोलले, "शालिक, लोंब निंगून राह्यली. आठ दिवसांत पानी नाई भेटलं त धान नाई, नुसतं वाळलं तनस होईल. लेकरं तनस खातील का रे?"

मी त्यांना हाताला धरून बदक दाखवायला नेलं. पहिल्या फेरीचा मान तुमचा म्हणालो. त्यांनी सगळं नीट पाहिलं. चोचीला हात लावला. विचारलं, "यात बसून कुठी जाचं?"

तलावाला एक चक्कर, म्हणालो.

"मंग?"

मग परत इथेच.

"इथी त मी हावोच ना बाबू," म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

दिवसभर करमलं नाही. पित्त असावं. खर्रे सात.

३ ऑक्टोबर

सभा. तहसीलदार साहेबांनी हात वर करायला सांगितले. सात विरुद्ध शून्य. हात वर करताना इंदुताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "माफ करजा भाऊ, मानूस म्हनून तुमी वाईट नाई." हे वाक्य लिहून ठेवलं, प्रचारात कामी येईल.

निराश अजिबात नाही. मी थेट जनतेतून निवडून आलेला सरपंच आहे, त्यामुळे शेवटचा निर्णय ग्रामसभेत, गुप्त मतदानाने. सदस्य सात, जनता चारशेच्या वर. हिशेब साधा आहे. आभाराचं भाषण आजच लिहायला घेतलं.

८ ऑक्टोबर

ग्रामसभा. शाळेच्या मैदानात एवढी गर्दी गणपतीतही नसते. म्हाताऱ्यांना बैलबंडीतून आणलं होतं. माझ्यासाठी इतका त्रास!

साहेबांनी मतपत्रिका दोनदा समजावून सांगितली. माझं लक्ष भाषणाच्या दुसऱ्या पानात होतं. आत गेलो. एकीकडे 'मान्य', दुसरीकडे 'अमान्य'. मान्य तर मी आहेच. ठसठशीत शिक्का मारला.

निकाल : ठरावाच्या बाजूने चारशे अठरा. विरोधात एक.

साहेबांनी दोनदा मोजलं, मी तिसऱ्यांदा मोजायला लावलं. भाषण खिशातच राहिलं. निकेश प्रभारी सरपंच. त्याने किल्ली मागितली. करदोड्याची गाठ सुटेना, सगळ्या गावासमोर इंदुताईंनी कात्रीने कापली. पाच मिनिटांत गेट उघडलं. नहरात पाणी उतरलं तेव्हा लोक जे ओरडले, ते माझ्या विजयाच्या मिरवणुकीत सुद्धा ओरडले नव्हते.

तरी एक मत आहे. माझं स्वतःचं. शून्य आणि एक यात फार मोठा फरक असतो.

९ ऑक्टोबर, सकाळी ६

कालचं वाचून पाहत होतो. 'मान्य'वर शिक्का. ठराव होता मला काढण्याचा. म्हणजे चारशे अठरामध्ये एक मी.

मग ते एक मत कोणाचं?

छाती भरून आली. या गावात एक तरी माणूस आहे, ज्याला व्हिजन समजलं. नावं आठवून पाहिली. मुखरूभाऊ शक्य नाही. शेजारी नाही. सख्खा भाऊ पाणी सुटल्यावर नहरात नाचत होता.

गिरजा लुगड्याचा काष्टा मारून बांधीकडे निघाली होती. तिला म्हणालो, गावात माझा एक छुपा समर्थक आहे, त्याला शोधून काढतो, त्याच्यापासून नवी सुरुवात.

ती म्हणाली, "काई शोधू नोका. ते मत माह्यंच."

एवढा विश्वास, आणि मला कधी दिसला नाही! तसं म्हणालो.

"विश्वास कायचा जी? पूरं शून्य पडलं असतं त माह्या मायेरचे हासले असते. चला आता, पानी आलं, बांध फुटून राह्यला."

फावडं कुठे असतं ते विचारलं. तिने दाखवलं.