पत्ता सांगायचा नाही

२ जून
संभाजीनगरचं डेटा सिक्युरिटीचं ट्रेनिंग आटोपलं. आजपासून आमच्या गॅस एजन्सीत माहिती सुरक्षा अधिकारी मीच. ठराव: ग्राहकाची माहिती बाहेर जाणार नाही. पासवर्ड कुणालाही नाही. मालकांना ठाऊक आहे, पण मालकांना नाही कसं म्हणायचं?

४ जून
नवं कनेक्शन. अपेक्षा. नवऱ्याचा मार खाऊन धर्मापुरीहून बीडला आलीय, एकटी राहते. म्हणाली, "दादा, माझा पत्ता कुणाला कळू द्यायचा न्हाई." शब्द दिला. अशा वेळी ट्रेनिंगचं सार्थक वाटतं.

९ जून
शेजारच्या टेबलावरच्या त्रिंबकने एका ग्राहकाचा नंबर फोनवर कुणाला तरी सांगितला. सगळ्यांदेखत झापलं. मेमो दिला. कडक राहावंच लागतं.

१२ जून, दुपारी
शाळेतले पंचाक्षरी गुरुजी आले! पाया पडलो, माझी खुर्ची दिली, चहा मागवला. अपेक्षा त्यांची सून निघाली. समजूत काढायचीय म्हणाले. पत्ता मागितला नाही, नुसते बसून राहिले. "संगमेश्वर, तू माझा विद्यार्थी हायस," एवढंच. गुरुजींना तोंड वेंगाडायला लावणं बरं दिसलं नसतं. मीच स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

संध्याकाळी
सांगितलं काहीच नाही. फक्त स्क्रीन फिरवली. ट्रेनिंगमध्ये हॅकरबद्दल होतं, गुरुजींबद्दल अवाक्षर नव्हतं.

१४ जून
गुरुजींचा फोन. खोली सापडली, मुलगा तिकडेच निघालाय. एक संसार मार्गी लागतोय. समाधान वाटलं.

१७ जून
त्रिंबक म्हणाला, अपेक्षा सरकारी दवाखान्यात आहे. नवऱ्याने खोलीत शिरून मारलं. घरमालकानेच पत्ता फोडला असणार. लोक लई निष्काळजी. जेवण गेलं नाही. उकाडाही फार आहे.

१९ जून
त्रिंबकचा मेमो मागे घेतला. मन मोठं ठेवावं.

३० जून
अपेक्षा आली. हात प्लास्टरमध्ये, एक डोळा अजून उघडत नाही. नवरा अटकेत आहे, पण सासरची माणसं बाहेरच आहेत. कनेक्शन बंद करून गाव सोडतेय. नवा पत्ता विचारला, सिस्टीम मागते म्हणून. सांगितला नाही. म्हणालो, ताई, इथं माहिती अगदी सुरक्षित असते.

ती म्हणाली, "कुणापासून, दादा? मामंजींनी दवाखान्यात येऊन तुमचं नाव लई कौतुकानं सांगितलं."

त्रिंबक ऐकत होता. मी नुसता क्लिक करत राहिलो. पत्त्याशिवाय सिस्टीम पुढे जाईना. शेवटी त्रिंबकनेच माझ्या हातून माउस घेतला आणि त्या रकान्यात एजन्सीचाच पत्ता टाकून तिचं काम करून दिलं.