घर सोडून गेलेले दोघे

ती. ताईस,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

मिशनच्या शाळेला निघण्याआधी तू माझ्या वेण्या घालायचीस आणि आपलं भांडण जुंपायचं, आठवतं? मी म्हणायचे, "माझा येशू मोठा." तू वेणी ओढून म्हणायचीस, "बुद्धानं राज्य सोडलं गं, तुझ्या येशूकडे सोडायला होतं काय?" आई म्हणायची, "तुम्ही डबे सोडून जाऊ नका म्हणजे मिळवली!"

इथे खोली उबदार आहे, जेवण गरम मिळतं. परदेशी येऊन ज्या वृद्धाश्रमात मी वीस वर्षं म्हाताऱ्यांची सेवा केली, तिथेच आता मला खाट दिली आहे. प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तुझे गुडघे कसे आहेत?

पडल्या पडल्या त्या दोघांचाच विचार करते. बुद्ध सांगतो, आसक्ती सोड; येशू सांगतो, प्रेम कर. पाच वर्षांच्या लेकीला तुझ्याकडे ठेवून आले आणि मला दोन्ही धड जमलं नाही. हल्ली प्रार्थनाही ओठांवर येत नाही. बुद्ध निदान परत जाऊन यशोधरेला भेटला. माझ्या नशिबी तेही नाही. येशूनं क्रुसावरून आपली आई शिष्याच्या हाती सोपवली, तेवढंच आता मला करता येईल.

माझ्यामागून माझं सामान येईल, त्यातलं घड्याळ भावोजींना दे, बांगड्या लेकीला. आणि लेक तू घे. लहानपणी ती तुला आई म्हणू लागली, तेव्हा मीच पत्रातून चिडले होते, "मावशी म्हणायला शिकव." तू निमूट शिकवलंस. आता तिला आई म्हणू दे.

तुझी,
धाकटी