पाठीवर मावणारा कॉम्प्युटर

प्रिय बारक्या,

आता माझ्यापेक्षा हातभर उंच झालास, तरी मी तुला बारक्याच म्हणणार. एका घरात राहून पत्र कसलं लिहायचं, म्हणशील. पण तोंडाने सांगायला गेले की मी आधी तुलाच ओरडते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून दुकानात डबा बाजूला सारून लिहितेय.

आमच्या दुकानातली माझी रीत तुला पाठ आहे. लॅपटॉप घ्यायला कुणीही येवो, मी तो आधी त्याच्या पाठीला लावते आणि जिना उतरून पुन्हा वर यायला लावते. किंमत, वेग, सगळं त्यानंतर. शेठ वैतागतात, पण धापा टाकत वर आलेला माणूस बरोबर निवड करतो. तू त्याची नक्कल करून मला किती हसवलंयस! मग तुझ्याच वेळी मी जिना का चढायला लावला नाही, हे एकदाही विचारलं नाहीस. ताईवर डोळे झाकून विश्वास, दुसरं काय!

त्या माहितीपटवाल्या बाईंनी तुला कामाला बोलावलं होतं. रोज नवं गाव, दिवसभर चित्रण, संध्याकाळी तिथेच बसून त्याचे तुकडे कॉम्प्युटरवर जोडायचे. तू म्हणालास, ताई, खिशाला परवडेल, पाठीवर नेता येईल आणि काम करताना रडणार नाही, असं काहीतरी बघ. मी मोठी शहाणी! म्हटलं, तिन्ही एकत्र मिळत नाहीत. हलका आणि स्वस्त घेशील तर तापून बंद पडेल. एरवी हे खरंच आहे, म्हणून तर तुला पटलं. मग तो टेबलावरचा कॉम्प्युटर, तो धोंडा, हातगाडीवरून घरी आला. तू उचलायला धावलास, तर वजन कळेल म्हणून मी हात लावू दिला नाही.

खरं सांगू? तसा लॅपटॉप दुकानात होता. एका गिऱ्हाइकाने आठवड्यात परत केलेला, झाकणावर ओरखडा, बाकी ठणठणीत. हलका, वेगवान आणि त्याच किमतीत. मी तो जुन्या प्रिंटरांच्या मागे सरकवून ठेवला. आई गेल्यापासून आपण दोघंच. तूही गेलास की घर खायला उठेल, एवढंच डोक्यात होतं. रोज घरी येऊन तुला त्या टेबलाशी बसलेलं पाहिलं की बरं वाटायचं.

काल तू बाईंना फोनवर सांगत होतास, माझं मशीन हलवता येत नाही, मला जमणार नाही. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. नंतर जेवताना तू मलाच म्हणालास, जाऊ दे ताई, तुझा सल्ला बरोबरच होता. इतकी आपमतलबी मी कधी झाले?

सकाळी बाईंना मीच फोन केला, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. जागा अजून रिकामी आहे. गाडी उद्या सकाळी निघते. शेठनी अदलाबदल कबूल केली, उद्या दुपारी ते टेबलावरचं न्यायला येतील. तो ओरखडेवाला लॅपटॉप या पिशवीत आहे, त्याच्यावरच हे पत्र ठेवतेय. रागाव, महिनाभर बोलू नकोस, पण जा. पिशवी पाठीला लाव आणि आपला जिना उतर. या वेळी मी परत वर बोलावणार नाही.

तुझीच,
लबाड ताई