आईची खूण

३ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

परवा चिमीला घ्यायला आले आणि चहासुद्धा न घेता निघाले, ते का, हे तोंडावर सांगायला जमलं नसतं.

सहा वर्षांपर्यंत जिच्या प्रश्नांना कंटाळून मी दार लावून घ्यायचे, ती पोर वर्षभरात मुकी झाली. आधी लोकांनी बहिरी ठरवली, मग हट्टी. शेवटी मुलांच्या मानसोपचार विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी झोपेतला मेंदूचा आलेख काढायला लावला, तेव्हा कुठे झटके न येता भाषाच पुसून टाकणारा अपस्मार कळला. टेलिफोन कचेरीत दिवसभर मी परक्यांशी बोलते आणि पोटच्या पोरीला माझा एक शब्द कळत नाही.

चिमीला तुझ्याकडे ठेवून पंधरा दिवसांनी तुझ्या दारात येते, तर चिमी आणि तुझी बडबडी हातांनी गप्पा मारत खदखदून हसतायत. माझ्याकडे कुणी बघेना. आठ वर्षांच्या भाचीचा मत्सर वाटला गं मला! तुझाही वाटला. तुझी पोर बोलते ती बोलते, माझीही तुझ्याच घरी बोलते.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी
धाकटी

९ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

रागावले होते, पत्र वाचून निवळले. बडबडी मात्र रुसलीय. मावशीने मैत्रीण पळवली म्हणते.

लपवणार होते, पण सांगतेच. चिमी आईसाठी कोणती खूण करते, असं मी हिला विचारलं. हिने दोन बोटांनी कपाळाला आठी घातली. चिमीनेच ठरवलेली खूण आहे म्हणे.

गोळ्यांची वेळ चुकवू नकोस. जीवही जाळू नकोस.

तुझी
ताई

१५ मे

चि. बडबडीस मावशीचे गोड पापे.

तुझ्या आईचं पत्र मी दोनदा वाचलं. मग चिमीसमोर बसून कपाळाला आठी घातली आणि स्वतःकडे बोट दाखवलं. ती आधी दचकली, मग इतकी हसली की कपातलं दूध सांडलं. नंतर भराभर हातांनी काय काय सांगत सुटली. मला काही म्हणजे काही कळलं नाही. तुझा पुन्हा हेवा वाटला.

डॉक्टरीणबाई म्हणतात, शब्द परत येतील, कदाचित सगळे नाही. तोवर हात थांबवू नका. सुट्टी संपेपर्यंत राहायला येशील? खाट तुम्हा दोघींची, मी खाली झोपेन.

त्याआधी एक कर. 'मी तुझ्यावर चिडलेली नाही' हे हातांनी कसं सांगायचं, त्याचं चित्र काढून उलट टपाली पाठव.

वाट बघणारी
मावशी