मागच्या दाराचा भोंगा

२२ जानेवारी २०२६, गुरुवार

आलं! कुरियरवाल्याने तिठ्यावरूनच फोन केला आणि मी चपला न घालता धावले. खोका एवढासा. आत चार पांढरे सेन्सर, त्यांची चार चुंबकं, एक मुख्य डबी, भोंगा, रिमोट. सगळं दोनदा तपासलं. मोडलं तर? माझं नाही, गुरुदासकाकांचं आहे.

काका ठाण्याला असतात. शेजारचं त्यांचं घर वर्षभर बंद, गणपतीला आणि कुणकेश्वरच्या जत्रेला तेवढं उघडतं. पलीकडच्या गावात बंद घरं फुटली तेव्हापासून त्यांना चैन नाही. फोनवर म्हणाले, 'तू इलेक्ट्रॉनिक्सचो कोर्स केलंस मा? मगे बसव. जत्रेक येतलंय तेव्हा मी स्वतः तपासतलंय. बरा चालला तर वाडीतली सातय बंद घरां तुकाच.'

सात घरं! बसवायचं आणि देखरेखही. म्हणजे मार्चपासून पुण्याच्या कंपनीत जायला नको. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपर्यंतसुद्धा पोचलं नाही. शिकलं की गाव सुटतो असंच मी धरून चालले होते. आणि आता हा खोका!

आई खोक्याकडे बघून म्हणाली, 'चावी आमच्या खुंटयेक आसा, मगे ह्यो भोंगो कित्याक गो?'



२३ जानेवारी, शुक्रवार

पुढच्या दाराला बसवला! सेन्सर चौकटीवर, चुंबक दारावर, दोन्हींत बोटभरही फट चालत नाही. फणसाचं जुनं दार खालून फुगलंय, फट जास्त. लाकडाची पातळ पट्टी घालून चुंबक पुढे आणलं. चिकटपट्टी काही या खाऱ्या हवेत टिकायची नाही. स्क्रू मारायचे, पण दार काकांचं! फोन करून विचारलं. 'अगो मार गो! दार आसा तां, देव न्हय!' तरी पहिला स्क्रू अगदी हळूहळू फिरवला.

मग दार उघडून बघितलं. भोंगा असा केकाटला की माडावरचे कावळे उडाले! फोनवर लाल अक्षरं — 'पुढचे दार उघडले'. मी नाचले. खरंच नाचले, ओटीवर!

आणि घराच्या आतून आई बाहेर आली. हातात केरसुणी. अगं, तू कुठून आलीस? 'मागल्या दारान. रोजच्यासारखी.'

त्या पुढच्या दाराने गणपती सोडून कोणी जात नाही. मीसुद्धा जन्मात गेले नाही! दिवसभर घाम गाळून गणपतीच्या वाटेवर पहारा बसवला. हसून हसून पोट दुखलं. उद्या मागचं दार.

२४ जानेवारी, शनिवार

मागचं दार झालं. स्वयंपाकघराची खिडकी झाली. देवखोलीची पण. चिऱ्याच्या भिंतीतून सिग्नल नीट जाईना, म्हणून मुख्य डबी माजघरात, पाण्याच्या हंड्यावरच्या फळीवर ठेवली. तिथून सगळीकडे पोचतो.

तपासणीला आई मदतीला. मी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, फोन धरून, ती तिकडे आत.

'उघड!'

'उघडलंय!'

'बंद कर!'

'अगो आरडतंस कित्याक, मी बयरी नाय! तो मेलो भोंगो आरडता तो पुरे!'

मग तिला रिमोट समजावला. आधी उघड्या कुलपाचं बटण दाबायचं, मग दार उघडायचं. तसं केलं की भोंगा गप्प, फोनवर फक्त हिरवी ओळ येते. न दाबता उघडलं तर लाल ओळ आणि बोंब. आईने रिमोट पदराच्या टोकात धरला, विंचू धरावा तसा. 'आणि दुसरा बटण दाबलां तर?' काही होत नाही गं! 'काय नाय व्हता म्हणतंस, आणि मगे वाजता.'

तिला रोज जावं लागतं. काकांची आई (माझी आई तिला सुगंधाकाकी म्हणायची) शेवटच्या आजारात चावी आईकडे देऊन गेली ती एवढंच सांगून — देवाचा दिवा बंद पडू देऊ नको. तेव्हापासून आई रोज तिन्हीसांजेला मागच्या दाराने आत जाते, केर काढते, खिडकी घटकाभर उघडते, दिवा लावते. पाऊस असो, ताप असो. तिला बरं नसेल तेव्हा मी.

संध्याकाळी तिने बटण दाबलं, आत गेली. हिरवी ओळ! आई पास!

२७ जानेवारी, मंगळवार

भोंगा! भर दुपारी!

हातातला भात तसाच, धावले. कोयता आईच्या हातात. चोर नाही — माकड! स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप दोन्ही हातांनी धरून हलवत होतं. आम्हाला बघून दात विचकले आणि कौलांवर गेलं. झडप सैल, चुंबक सरकलेलं. माझीच चूक, कडी आधी घट्ट करायला हवी होती. केली.

काकांना लगेच कळवलं. लपवायचं कशाला? काका आधी हसले, 'माकडाक माफी!' मग गंभीर झाले. फोन स्पीकरवर होता. 'पण आयक समीक्षा, फुकटचो भोंगो परत वाजलो तर माका नको हां ह्यां. ठाण्यात बसान माजो जीव जाता. बाकीच्यांकाय मी कसो सांगतलंय?'

एक चूक संपली. आता एकही चालणार नाही.

आई भांडी घासत होती. 

१ फेब्रुवारी, रविवार

एकदाही वाजला नाही! सकाळी उठल्याबरोबर आधी फोन बघते, मग दात घासते. लाल ओळ नाही. माकडं येतात, झडपेशी झोंबतात, जातात. माझी कडी भारी!

बाबा बोटीवरून आले. त्यांना दाखवलं. म्हणाले, 'आमच्या जाळ्याकय एक लाव. मासळी इली काय वाजांदे.'

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजही लाल नाही!!

८ फेब्रुवारी, रविवार

काकांना अहवाल पाठवला. फोनवरच्या पानाचा फोटो — माकडानंतरचे सगळे दिवस कोरे, स्वच्छ. काकांनी तो वाडीतल्या मुंबईकरांच्या ग्रुपवर टाकला. अंगठेच अंगठे! सातांपैकी एका घराच्या दिव्याताईने लिहिलं, 'आमच्या घराला पहिला नंबर!' मी ते चार-पाच वेळा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, 'बरा झाला गो बाय. आता खंय जाव नको.'

पुण्याला 'येत नाही' असं कळवायचं. काका तपासून जाऊ देत, मग. उगाच आधी नको.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज जे दिसलं ते लिहायलाच हवं.

काका शनिवारी जत्रेला येणार म्हणून बॅटऱ्या बघायला गेले. मागचं दार उघडलं तर कोंदट वास. आमच्या हाताखालच्या घराला असा वास कधी येत नाही. देवखोलीत समईच्या वातीवर बुरशी. तेल आटून चिकट झालेलं, त्यात मुंग्या. देवांच्या डोक्यावर कोळ्याचं जाळं.

फोन काढून बघितला. लाल ओळ नाही हे मी रोज बघत होते. हिरवी पण नाही, हे बघितलंच नाही! माकड आलं त्या दिवसापासून, आजची माझी सोडली तर, एकही नाही. मी ज्याला स्वच्छ म्हणून मिरवलं, त्याचा अर्थ एवढाच — आई आत गेलीच नाही.

विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

'चुकीचा बटण दाबलंय तर? एक भोंगो, आणि तुजी सातय घरां गेली.'

मग दिवा?

'खळ्यातसून दाखवतंय. उंबऱ्याक पाय लावी नाय. देवाक थंयसून पण दिसता.'

म्हणून ती रोज तिन्हीसांजेला त्यांच्या खळ्यात उभी असायची! मला वाटायचं, आत जाऊन आली.

मी म्हटलं, आजपासून बटण मी दाबते, तू जा. तर नाहीच! 'तो येवंदे, तपासांदे, मगे बघू. चार दिवस ऱ्हवले.' मग मीच आत जाऊन वात बदलते म्हटलं तर डोळ्यात पाणी. 'सुगंधाकाकीन माका सांगलेला गो. मी थांबयलंय, मीच लावतलंय.'

जेवले नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

काकांना लिहिलं. आई ओरडत होती, 'गप ऱ्हव गो! सात घरां घालवतंस? म्हायत कोणाक पडतला?' मला माहीत आहे ना!

लिहिलं — पाठवलेला अहवाल खरा आहे, पण पुरा नाही. भोंगा वाजला नाही कारण आई आत गेली नाही. तुमच्या देवाचा दिवा पंधरा दिवस आत लागलेला नाही. आईचा दोष नाही, ती माझ्यासाठी घाबरली. तिला जमेल असं मी बसवायला हवं होतं. तुम्हाला नको वाटलं तर सगळं काढून स्क्रूची भोकं बुजवून देईन.

पाठवलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर नाही. दिव्याताईचा पण मेसेज नाही. पुण्याहून मात्र फोन आला — कधी येताय? उद्या सांगते म्हटलं.

आई दिवा घेऊन खळ्यात गेली, आली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तिन्हीसांज. आई त्यांच्या खळ्यात दिवा धरून, मी तिच्या मागे — आणि भोंगा! लाल ओळ, 'मागचे दार उघडले'. आई तर माझ्यासमोर! म्हणजे आत खरंच कोणी तरी! मी घरून रिमोट घेऊन धावले, आई धावली, अख्खी वाडी काठ्या घेऊन धावली. धावताना आईचा दिवा विझला.

देवखोलीत गुरुदासकाका! खांद्याला प्रवासाची पिशवी, दोन्ही कानांत बोटं, समईत नवी वात, समोर तेलाची बाटली. एक दिवस आधीच, कोणाला न सांगता, स्वतःच्या चावीने. भोंग्याच्या वर आवाज काढून ओरडले, 'पास गो समीक्षा, पास! बंद कर तां आता!'

बटण दाबलं. घर गप्प झालं. काका आईकडे वळले.

'रुक्मिणी, काडेपेटी खंय ठेवतंस गो?'